४० टक्के स्कॉलरशिप की सरकारी फीमाफी? कॉलेज निवडण्याआधी हा हिशोब करा

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की बावड्यासारख्या गावातल्या घरांमध्येही कॉलेजांचे फोन सुरू होतात. मुलाला किती पर्सेंटाइल आहेत, कोणती ब्रँच हवी, असं विचारून झालं की मुख्य मुद्दा येतो, ‘आम्ही ४० टक्के स्कॉलरशिप देतो, सीट लवकर कन्फर्म करा.’ त्याच सुमारास कॅपचा ऑप्शन फॉर्मही भरायचा असतो. शेतातला ऊस अजून कारखान्याला गेलेला नसतो आणि निर्णय मात्र काही दिवसांत घ्यावा लागतो.

इंदापूर-अकलूज रस्त्यावरच्या या गावातून मुलं शिकायला इंदापूरला जातात, अकलूजला जातात, बारामतीला जातात आणि ज्यांना जमतं ती पुण्याला जातात. प्रत्येक ठिकाणचं शुल्क वेगळं, मदत वेगळी आणि अटीही वेगळ्या. म्हणूनच ‘किती टक्के स्कॉलरशिप?’ या प्रश्नाचं उत्तर मिळून फारसा उपयोग होत नाही. ‘चार वर्षांत घरातून नेमके किती पैसे जाणार?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दोन्हींत फरक काय?

गुणवत्ता शिष्यवृत्ती गुण बघून मिळते. बारावीचे टक्के, सीईटी किंवा जेईईचे पर्सेंटाइल यावर ती ठरते. घरचं उत्पन्न किती, हे अनेकदा विचारलंही जात नाही. खासगी विद्यापीठ अशी शिष्यवृत्ती देतं तेव्हा ती बहुतेक वेळा त्याच विद्यापीठाने ठरवलेल्या शुल्कातली सूट असते. तुमच्या खात्यात पैसे येत नाहीत, भरायची रक्कम कमी होते.

आर्थिक मदत घरची परिस्थिती बघून मिळते. कुटुंबाचं उत्पन्न, प्रवर्ग, मुलगी की मुलगा, वडील अल्पभूधारक शेतकरी आहेत का, या गोष्टी त्यात मोजल्या जातात. महाराष्ट्रात यातल्या बहुतेक योजनांचे अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरावे लागतात.

काही योजना या दोन्हींच्या मधल्या आहेत. उत्पन्नाची मर्यादा असते आणि त्या मर्यादेत बसणाऱ्यांमधून निवड गुणांवर होते. बावड्यातल्या मध्यम परिस्थितीच्या हुशार मुलासाठी बऱ्याचदा याच सगळ्यात कामाच्या ठरतात.

सरकारी मदत कोणाला, किती?

• राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्काच्या ५० टक्के रक्कम.

• मुलींसाठी १०० टक्के: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. ही सवलत २०२४-२५ पासून लागू झाली.

• अनुसूचित जाती-जमाती: २.५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपचा पर्याय आहे.

• राहण्या-जेवण्याचा खर्च: अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार’ योजना आहे. पुण्यासारख्या शहरासाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी ‘डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता’ योजना आहे.

फोनवर सहसा न सांगितला जाणारा मुद्दा

वरची शुल्कमाफी फक्त उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळत नाही. प्रवेश कोणत्या वाटेने झाला, हेही बघितलं जातं. शाहू महाराज योजना आणि मुलींची १०० टक्के सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की हा हक्क जातो. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही या योजनेतून वगळलेली आहेत.

म्हणजे सरकारी मदत नेमकी कुठे गमावली जाते, तर प्रवेश घेताना. महाडीबीटीचा अर्ज त्यानंतर भरायचा असतो. खासगी विद्यापीठाची ४० टक्के सूट घेताना सरकारची ५० किंवा १०० टक्के शुल्कमाफी आपण सोडून देतोय, हे अनेक घरांत पैसे भरून झाल्यावर कळतं.

चार वर्षांचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमच्या कॉलेजचे आकडे तिथे टाकून बघा. समजा, बावड्यातल्या एका खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबाचं उत्पन्न ३ लाख आहे आणि मुलाला इंजिनिअरिंग करायचं आहे.

पर्याय १, पुण्यातलं खासगी विद्यापीठ: शुल्क वर्षाला ३ लाख. ४० टक्के गुणवत्ता शिष्यवृत्ती, म्हणजे १ लाख २० हजार कमी. उरले १ लाख ८० हजार. हॉस्टेल आणि मेस १ लाख २० हजार. वर्षाला एकूण ३ लाख, चार वर्षांत १२ लाख. पहिल्या वर्षानंतर शिष्यवृत्ती गेली तर यात आणखी ३ लाख ६० हजारांची भर.

पर्याय २, बारामतीतलं कॅपमधून मिळालेलं कॉलेज: शिक्षण शुल्क १ लाख, त्यातले ५० हजार शाहू महाराज योजनेतून. विकास शुल्क आणि इतर १२ हजार. राहणं-जेवण ६० हजार. वर्षाला १ लाख २२ हजार, चार वर्षांत ४ लाख ८८ हजार. याच घरातली मुलगी १०० टक्के सवलतीला पात्र असेल तर तिचा खर्च वर्षाला ७२ हजार, चार वर्षांत २ लाख ८८ हजार.

पर्याय ३, पुण्यातल्या कॉलेजात टीएफडब्ल्यूएसची जागा: शिक्षण शुल्क शून्य. इतर शुल्क २० हजार. हॉस्टेल-मेस १ लाख २० हजार. वर्षाला १ लाख ४० हजार, चार वर्षांत ५ लाख ६० हजार.

‘४० टक्के’ हा आकडा ऐकायला मोठा वाटला तरी तिन्हींत महाग पर्याय तोच आहे. टक्के कशाचे, हे आधी बघायला हवं. तीन लाखांतले ४० टक्के गेल्यावरही एक लाख ८० हजार उरतात, आणि ते दुसऱ्या कॉलेजच्या अख्ख्या शुल्कापेक्षा जास्त आहेत.

आणखी एक गोष्ट. शुल्कमाफी म्हणजे सगळं फुकट असं नाही. मुलींची सवलतही शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरतीच आहे. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हे खर्च घरालाच करावे लागतात. त्यामुळे घरापासूनचं अंतर हाही पैशाचाच प्रश्न आहे.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे काय?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या या योजनेत मान्यताप्राप्त कॉलेजांमध्ये मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा ठेवल्या जातात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, निवड गुणांवर. या जागेवर पूर्ण अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ होतं, इतर शुल्क भरावं लागतं. एकदा प्रवेश घेतला की कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही.

कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा कोड वेगळा असतो. तो स्वतंत्रपणे भरला नाही तर गुण असूनही ही जागा मिळणार नाही. चांगले पर्सेंटाइल असतील तर त्यांचा पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा उपयोग इथे होऊ शकतो. फॉर्म भरताना क्रमही जपून लावा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते स्वीकारावं लागतं. म्हणून खर्च झेपणार नसेल असं कॉलेज ‘बघू मिळतंय का’ म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

शिष्यवृत्ती टिकते किती?

शिष्यवृत्ती आणि अट हे नातं जुनं आहे. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हाही शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. आजच्या अटी वेगळ्या आहेत, पण कागदावर सही करताना त्या वाचणं तितकंच गरजेचं आहे.

खासगी गुणवत्ता शिष्यवृत्तीत दर वर्षी ठरावीक सीजीपीए राखण्याची अट असू शकते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिलं सेमिस्टर इंग्रजीशी जुळवून घेण्यात जातं. नेमकं तेव्हाच गुण घसरले तर पुढच्या वर्षी पूर्ण शुल्क येतं, आणि तोवर दुसरीकडे जाण्याची वेळ निघून गेलेली असते.

सरकारी योजनांनाही अटी आहेत. शाहू महाराज योजनेत कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो आणि सेमिस्टरमध्ये किमान ५० टक्के हजेरी लागते. अर्ज दर वर्षी नव्याने पुढे न्यावा लागतो.

पैसे कधी लागतात, कधी येतात?

इंदापूर-बारामती पट्ट्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. प्रवेशाचे पैसे पावसाळ्यात भरावे लागतात. उसाचा गाळप हंगाम मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी देण्याचा नियम असला, तरी तोडच जानेवारीत आली तर जुलैच्या फीला त्याचा उपयोग नाही.

सरकारी शिष्यवृत्तीचे पैसेही प्रवेशाच्या दिवशी येत नाहीत. अर्ज, कॉलेजची तपासणी, विभागाची मंजुरी आणि मग रक्कम, असा तो प्रवास असतो. पात्र विद्यार्थिनींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाचे निर्देश आहेत. तरीही कॉलेजला आधीच स्पष्ट विचारा, ‘आज किती भरायचे, आणि शिष्यवृत्ती उशिरा आली तर परीक्षेचा फॉर्म अडेल का?’

कर्जाचा विचार असेल तर २०२४ मध्ये मंजूर झालेली ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना बघा. निवडक संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना आणि हप्ते सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी तपासा. मॅनेजमेंट कोट्यातले प्रवेश यात बसत नाहीत.

मग गुणवत्ता शिष्यवृत्ती कधी घ्यावी?

सगळ्याच गुणवत्ता शिष्यवृत्त्या तोट्याच्या नाहीत. उदाहरणार्थ, केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती. बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात असलेल्या आणि बीएस्सीसारख्या मूलभूत विज्ञानाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. उत्पन्नाची अट नाही. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या ठिकाणी बीएस्सी करणाऱ्या मुलीचा बराचसा खर्च यातून निघू शकतो. इंजिनिअरिंगला मात्र ही लागू नाही.

केंद्राची दुसरी शिष्यवृत्ती बारावीला ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा राज्याची शुल्कमाफी घेत असाल तर ही मिळत नाही. १२ हजारांसाठी ५० हजारांची शुल्कमाफी सोडणं परवडणारं नाही.

आयआयटीत गेलात तर तिथे मदत घरच्या उत्पन्नावर आहे. १ लाखापेक्षा कमी उत्पन्न असेल तर पूर्ण शिक्षण शुल्क माफ, १ ते ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी आहे. अमेरिकेतली हार्वर्डसारखी आयव्ही लीग विद्यापीठंही गुणांवर शिष्यवृत्ती देत नाहीत. प्रवेश गुणवत्तेवर आणि पैसे गरजेनुसार, असा त्यांचा नियम आहे.

प्रवेश घेण्याआधी काय कराल?

• उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढा. तलाठ्याचा अहवाल आणि तहसीलदारांचा दाखला यात वेळ जातो.
• अधिवास, जातीचा किंवा ईडब्ल्यूएस दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवा. विद्यार्थ्याचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही बघा.
• खासगी विद्यापीठाकडून शिष्यवृत्तीच्या अटी लेखी घ्या. किती वर्षं, किती सीजीपीए, शुल्क दर वर्षी वाढणार का आणि प्रवेश रद्द केला तर पैसे परत किती, हे चार मुद्दे त्यात हवेत.
• पुण्यात राहायचं असेल तर विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्थांच्या वसतिगृहांसाठी वेळेत अर्ज करा. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात ‘कमवा व शिका’ योजनेचीही चौकशी करा.
• एका कागदावर प्रत्येक कॉलेजचा चार वर्षांचा खर्च मांडा, एकदा शिष्यवृत्ती धरून आणि एकदा ती गेली असं समजून.

दुसरा आकडाही घराला झेपत असेल, तर ते कॉलेज खुशाल निवडा. झेपत नसेल, तर सीट कन्फर्म करण्याआधी कॅपची फेरी होऊ द्या.