भांडवल नसलेल्यांची जमीन : कोल्हापूर, 1891 ते 1918

खिशात पैसा थोडा आणि जमीन घ्यायची इच्छा मोठी, हा पेच आजच्या पिढीचाच आहे असे आपण धरून चालतो. कोल्हापूर संस्थानात शंभर वर्षांपूर्वी तो अधिक बिकट स्वरूपात उभा होता. त्याचाच हा धागा.

1891 मध्ये मिरज–कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. त्यापूर्वी कोल्हापुरात जागेची प्रतिष्ठा ठरे ती अंबाबाईचे देऊळ आणि जुना राजवाडा यांच्या आसपासच्या पेठांमुळे. तिथे नवख्याला शिरकाव कुठला! रेल्वेने मात्र गावाबाहेरच्या माळाला एकाएकी मोल आणले. 1894 मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतलेल्या शाहू छत्रपतींनी हे नेमके हेरले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्टेशनालगत शाहूपुरी वसवली आणि व्यापाऱ्यांना सवलती देऊन तिथे आणले. गुळाची ती पेठ पुढे देशभर नावाजली.

1917 मध्ये याच मार्गावर, शिरोळ रोड स्टेशनजवळ, जयसिंगपूर वसले. महाराजांचे जनक पिता, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांचे नाव त्याला दिले. सरळ रस्ते, क्रमांकाच्या गल्ल्या आणि शेजारच्या सांगलीच्या बाजारपेठेशी सरळ स्पर्धा. जमिनीचा भाव मालकाच्या हुशारीपेक्षा तिच्याजवळून काय जाते यावर वाढतो, हे या दोन्ही पेठांत उघड दिसते. आणि तो वाढण्यापूर्वी तिथे जाऊन बसण्याचे धाडस बहुधा त्यानेच केले, ज्याला जुन्या पेठेत जागा परवडत नव्हती.

पतपुरवठ्याचे काय? सावकाराचा दरवाजा होताच. दुसरा दरवाजा सहकाराचा. 1913 मध्ये कोल्हापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. मात्र तारण ठेवायला ज्याच्याकडे स्वतःचे काहीच नाही, त्याला कोणतीही पेढी फारशी उपयोगाची नसते.

इथेच खरा प्रश्न सुरू होतो. महार समाजाकडे जमीन होती, पण ती वतनाची. गावकीच्या सेवेच्या बदल्यात मिळालेला तो तुकडा पिढ्यागणिक वाटला जाऊन चिंधीएवढा उरे. त्यापायी सारे कुटुंब मात्र वेळीअवेळी राबण्यास बांधलेले. तिला मालमत्ता तरी कसे म्हणावे? ती उलट माणसाचीच मालक होती. 1918 मध्ये शाहू महाराजांनी संस्थानातील महार वतने रद्द केली आणि त्या जमिनी रयताव्याने मूळ वतनदारांच्या नावे केल्या. वेठीतून सुटका आणि सातबारावर, म्हणजे तेव्हाच्या सरकारी दप्तरात, स्वतःचे नाव. माझ्या मते शाहूपुरीपेक्षा हा निर्णय कितीतरी मोठा. व्यापारी पेठ दुसरा कोणी संस्थानिकही वसवू शकला असता.

ब्रिटिश मुलखात याला फार वेळ लागला. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, पण ते पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबईचा कायदा आला तो 1958 चा, म्हणजे कोल्हापूरच्या निर्णयानंतर चाळीस वर्षांनी.

नाव लागले तरी गिऱ्हाईक लागतेच असे नाही, याची साक्ष गंगाराम कांबळे. महाराजांच्या पागेत नोकरीला असताना पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंद्यासाठी साहाय्य केले आणि भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे दुकान उघडले. जागा मोक्याची, चहा चोख, तरी सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. आता छत्रपतींच्या हातचा कप नाकारणार कोण?

कोल्हापुरात आज प्लॉट शोधणाऱ्यांसाठी या इतिहासाचा एक धागा अजून जिवंत आहे. 1958 च्या कायद्याने परत दिलेल्या वतनी जमिनी नव्या शर्तीवर आहेत. सातबारावर त्या भोगवटादार वर्ग-2 म्हणून दिसतात आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून, ठरलेला नजराणा भरल्यावाचून, त्यांचा व्यवहार होत नाही. अल्पभांडवली माणसाकडून जमीन सहज निसटू नये म्हणून ही अट आली. ‘स्वस्तात मिळतेय, कागद नंतर करू’ असे सांगून आज जी जमीन दाखवली जाते, ती पुष्कळदा हीच असते.