चिठ्ठ्याचपाट्या

माणसांच्या खऱ्या जाती दोनच. एक वहीवाल्यांची आणि दुसरी चिठ्ठीवाल्यांची. बाकीच्या माणसाने मागाहून, रिकामपणी पाडल्या. वहीवाला माणूस कोरी वही आणतो, पहिल्या पानावर 'श्री' काढतो, समास आखतो, तारीख घालतो आणि दुधाच्या हिशेबापासून मुलीच्या लग्नातल्या अहेरापर्यंत सगळे ओळीने मांडत जातो. चिठ्ठीवाल्याला कोरी वही पाहिली की घाम फुटतो. त्याला हवा कागदाचा तुकडा. लग्नपत्रिकेची पाठ चालते, एस.टी.चे तिकीट चालते, उदबत्तीच्या पुड्याचे आवरणही चालते. सुचेल ते त्यावर खरडायचे आणि खिशात घालायचे. पुढचे धोबी बघून घेतो.

मी जन्माचा चिठ्ठीवाला. आमच्या घरात मात्र राज्य वहीचे आहे. सौ.च्या एका वहीत गेल्या तीस वर्षांतल्या लोणच्यांचे मिठासकट हिशेब आहेत. माझ्या शर्टाच्या खिशातून निघालेली चिठ्ठी ती चिमटीत धरून वाचते, "अहो, 'रूसो, पाव किलो, कोवळा बघून घेणे,' हे काय आहे?" आता यात न समजण्यासारखे काय आहे? रूसो लेखासाठी आणि पुढचे सगळे भेंडीसाठी. कागद एकच होता.

"पद्धत म्हणून काही असते की नाही?" असे ती म्हणते. असते ना. चिठ्ठी हीच एक पद्धत आहे आणि तिला घराणे आहे, हे सिद्ध करावे म्हणून मी इतिहासात शिरलो.

सुरुवातच वाईट झाली. वहीवाल्यांच्या बाजूला साक्षात समर्थ निघाले. दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावरच आहे. अक्षर कसे वाटोळे असावे, ओळी कशा सरळ असाव्यात, हे सगळे त्यात आहेच. पण मला चकित केले ते समासाने. कागदाच्या चारी बाजूंना कोरी जागा सोडावी आणि मजकूर मधे लिहावा, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्याने कसरीचाही विचार करून ठेवला, त्या माणसापुढे एस.टी.चे तिकीट काय म्हणून न्यायचे?

आपल्याकडच्या कारकुनांनीही मला साथ दिली नाही. पेशवाईतला कागद म्हणजे लांबच लांब बंद, खाली दुसरा चिकटवायचा, मग तिसरा. सगळे गुंडाळून, कापडाच्या रुमालात बांधून दप्तरात ठेवायचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखाली त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड निघाले. बांधून ठेवले म्हणून उरले, असे सौ.चे त्यावर भाष्य आहे. मी विषय बदलला आणि युरोपात गेलो.

तिथे मात्र घराणे सापडले. आमचा मूळपुरुष कोनराड गेस्नर, झुरिकचा डॉक्टर. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तीन भाषांत लिहिणाऱ्या सुमारे तीन हजार ग्रंथकारांची सूची त्याने १५४५ मध्ये छापली. तेव्हा त्याने तिशीही ओलांडली नव्हती. हे जमले कसे, ते त्याने १५४८ च्या पुढच्या ग्रंथात सांगून टाकले आहे. वाचताना जे टिपावेसे वाटेल ते कागदाच्या एकाच बाजूला लिहा, प्रत्येक नोंद नव्या ओळीवर. मग कात्री घेऊन सगळ्या नोंदी सुट्या करा, हव्या तशा लावा आणि शेवटी चिकटवा. एकाच बाजूला का, तर चिकटवताना पाठीवरचा मजकूर मरतो म्हणून. भेंडीच्या बाबतीत हा सल्ला मला पाळता आलेला नाही, पण सल्ला अस्सल आहे.

वहीची खरी अडचण या कात्रीने दाखवून दिली. वहीत 'क' साठी दहा पाने ठेवली आणि 'क' चे शब्द बारा पाने झाले, तर उरलेली दोन पाने कुठे घालायची? वहीला शिवण असते. एकदा शिवली की तिची मते पक्की. चिठ्ठी मात्र दोन चिठ्ठ्यांच्या मधे सरकून बसते. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी. जागा नसली तरी होते.

पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि चर्चची व सरदारांची पुस्तके सरकारजमा झाली. एवढ्या पुस्तकांच्या याद्या करायच्या कशावर? १७९१ मध्ये हुकूम निघाला की खेळायच्या पत्त्यांवर करा. त्या काळी पत्त्याची पाठ कोरी असे आणि पत्ते घरोघर होते. लांब नावाच्या पुस्तकांसाठी एक्के आणि दुऱ्या राखून ठेवाव्यात, अशी सूचनाही होती. कारण उघड आहे. एक्क्यावर चित्र कमी, जागा जास्त. खरा राजा तेव्हा अजून नावापुरता गादीवर होता, पत्त्यातला राजा मात्र ग्रंथालयात कारकुनीला लागला होता. खुद्द रूसोही फिरायला जाताना पत्त्यांवर टिपणे करी. त्याचे असे २७ पत्ते जपून ठेवलेले आहेत. त्यातल्या एकावरही भाजी नाही. माणूस मोठा होता.

पण चिठ्ठीवाल्यांचे पानिपत आणि त्यांचा विजय एकाच ठिकाणी पाहायचा असेल, तर ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाकडे जावे. इंग्रजीतल्या प्रत्येक शब्दाची जन्मकथा उदाहरणांसह द्यायची होती आणि त्यासाठी शेकडो हौशी वाचक पुस्तके वाचून चिठ्ठ्या धाडत होते. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाला. त्याच्या दारात आधीच्या संपादकांच्या चिठ्ठ्या येऊन पडल्या त्या वजनाने सुमारे दोन टन. एका पोत्यात मेलेला उंदीर होता. दुसऱ्यात जिवंत उंदरीण कागद कुरतडून तिथेच बाळंत झाली होती. 'एच्' अक्षर इटलीत, फ्लॉरेन्सला जाऊन बसले होते. 'पीए' ने सुरू होणारे शब्द आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडले. सापडले म्हणजे उरलेले सापडले. बाकीच्यांनी कुणाच्या तरी चुली पेटवल्या होत्या.

मरेने अंगणात पत्र्याची खोली उभारली, तिच्यात १०२९ खण केले आणि चिठ्ठ्या लावायला बसला. त्याला अकरा मुले. ती कळती झाली की त्यांनाही खाऊच्या पैशांवर चिठ्ठ्या लावायला बसवी. दहा वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला तो 'ए' पासून 'अँट' पर्यंत. म्हणजे मुंगीपर्यंत पोचले आणि मुंगीच्याच पायांनी. मरे १९१५ मध्ये गेला आणि कोश १९२८ मध्ये पुरा झाला.

या खटाटोपात एक शब्द हरवला. 'बाँडमेड', म्हणजे गुलाम दासी. तिच्या चिठ्ठ्या कुठेतरी पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली गेल्या आणि तो खंड तिच्याविना छापून झाला. १९३३ च्या पुरवणीत तिला जागा मिळाली. हे वाचल्यावर मात्र माझी थट्टा थोडी थांबली. जिवंतपणी जिची कुणी दखल घेतली नसेल, नेमकी तीच कोशातूनही गळावी! चिठ्ठी हलकी असते हा तिचा गुण, आणि दोषही तोच. वहीतले पान फाटले तर कळते तरी. चिठ्ठी गेली तर काय गेले हेच कळत नाही.

एवढे वाचून मी पुण्याला परत आलो, तर घराण्याची सर्वांत मोठी शाखा माझ्या पायाखालीच निघाली. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून काढायचे आणि शब्दागणिक चिठ्ठी करायची. त्या चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी. छपाईला हात घालायलाच १९७६ उजाडले. तेव्हापासून तीसहून अधिक भाग निघाले ते सगळे 'अ' ने सुरू होणाऱ्या शब्दांचे. मुंगीची थट्टा मी मागे घेतो.

भांडारकर संस्थेतल्या महाभारताची तऱ्हा आणखी निराळी. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. तिथे कागदावर चौकटी आखलेल्या असत. वर श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर, आणि प्रत्येक पोथीत जिथे वेगळे अक्षर असेल तिथेच ते खालच्या चौकटीत भरायचे. वहीची शिस्त आणि चिठ्ठीची मोकळीक एकाच कागदावर. डॉ. सुखटणकरांनी १९२५ पासून हे काम हाकले आणि १९४३ मध्ये ते अर्ध्यावर गेले. काम मात्र थांबले नाही, कारण पद्धत त्यांच्या डोक्यात नव्हती, कागदावर होती.

इथे मला थांबावे लागले, कारण हा प्रश्न माझ्या माळ्यावर चार डब्यांत भरून ठेवला होता.

आमचे मामा रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते आणि चिठ्ठीवाल्यांतले मेरुमणी होते. चाळीस वर्षे त्यांनी गावातले शब्द टिपले. कागद मिळेल तो. शब्द, अर्थ आणि कोपऱ्यात सांगणाराचे नाव. ते गेल्यावर मामीने बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे माझ्यापुढे ठेवले. "ह्यांचं काय करू रे? बंबात घालवत नाही," म्हणाली. मला तो आयर्लंडचा तबेला आठवला. डबे घेऊन आलो.

मुलगा म्हणाला, "बाबा, मोबाईलवर फोटो काढू. मग आकारविल्हे लावणं एका मिनिटाचं काम." मरेच्या अकरा पोरांचे काम हा एकटा, तेही फुकट, करत होता. मी 'हो' म्हणणार होतो, पण आधी एक डबा उघडून वरच्या चिठ्ठ्या होत्या तशा क्रमाने वाचल्या. खळं. बेडं. गडगा. वई. पाखाडी. पऱ्या. आणि एकदम लक्षात आले की ही मामांच्या घरून बंदरावर जायची वाट आहे. अंगणातून निघायचे, बेड्याच्या आडव्या वाशांतून बाहेर पडायचे, एका बाजूला दगडांचा गडगा, दुसऱ्या बाजूला काटेरी वई, मग पाखाडीच्या पायऱ्या उतरून पऱ्याचे पाणी ओलांडायचे. मामा शब्द टिपत चालत गेले होते आणि चिठ्ठ्या त्याच क्रमाने डब्यात पडल्या होत्या. आकारविल्हे लावल्या असत्या तर 'वई' तिसऱ्या डब्याच्या तळाशी गेली असती आणि वाट बुजली असती.

या पेचातून सोडवले ते निक्लास लूमान नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने. त्याच्या पेट्यांत सुमारे ९० हजार चिठ्ठ्या होत्या. आपण त्या पेट्यांशी गप्पा मारतो, अशा थाटात तो त्यांच्याविषयी लिही. त्याने चिठ्ठ्या विषयवार किंवा अक्षरवार लावल्याच नाहीत. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक दिला आणि ती जिथे सुचली तिथेच, तिच्या शेजारणीपाशी, कायमची ठेवली. मधे काही सुचले तर १ च्या पुढे १अ, त्याच्यापुढे १अ१. शोधायचे असेल तर सूची वेगळी. तो १९९८ मध्ये गेला, पण चिठ्ठीवरून चिठ्ठीवर जात अभ्यासक आजही त्याच्या विचारांच्या वाटेने फिरू शकतात.

तेव्हा आधी आहे त्या क्रमाने आकडा, मग फोटो, आणि आकारविल्हे यादी निराळी, असे ठरले. यादीसाठी सौ.ने कोरी वही काढून दिली. पहिल्या पानावर 'श्री' होता आणि चारी बाजूंना समास आखलेला होता. ती काही बोलली नाही. वहीवाली माणसे जिंकली की बोलत नाहीत.

परवा ६१३ क्रमांकाची चिठ्ठी निघाली. एका बाजूला मामीच्या अक्षरात 'रॉकेल २ लिटर' आणि दुसऱ्या बाजूला मामांच्या अक्षरात नुसतेच 'कवळ'. अर्थ नाही, सांगणाराचे नाव नाही. मामीला फोन लावला.

"अरे, कवळ म्हणजे तरव्याच्या जागी भाजावळ करायला झाडाचे टाळ तोडून आणतात ते. त्याचे भारे बांधायचे. लहानपणी मी डोक्यावरून वाहिलेत. मीच सांगितलं होतं त्यांना."

मी अर्थ लिहून घेतला आणि मामांनी कोरा सोडलेल्या कोपऱ्यात मामीचे नाव घातले.