उरलेली अंडी

भाच्याच्या हट्टापायी घरात एक नर आणि तीन माद्या असे जपानी लावा पक्षी आले. सहा-सात आठवड्यांच्या झाल्यावर माद्या अंडी घालू लागल्या, आणि आता आमचा फ्रिज उघडला की ठिपक्याठिपक्यांचीच अंडी दिसतात. एक अंडं जेमतेम १० ग्रॅमचं, म्हणजे पाच फोडावीत तेव्हा कोंबडीचं एक होतं. आतला पापुद्रा चिवट, म्हणून टोक कात्रीने छाटायचं. (आईने वाटीवर आपटून पाहिलं. कवचासकट ऑम्लेट खाल्लं आम्ही.) चार मिनिटं उकडून गार पाण्यात टाकली तर बरी सोलतात. मग रस्सा, नाहीतर व्हिनेगरची बरणी.

पण एवढी अंडी घालून एकही मादी त्यांवर बसत कशी नाही? हे शोधता शोधता गाडी जपानला पोचली.

तिथे हा पक्षी पाळला गेला तो मुळात नराच्या आवाजासाठी. एदो काळात (१६०३-१८६८) सामुराई मंडळी आपापले लावे घेऊन जमत आणि कुणाचा चांगला ओरडतो याच्या स्पर्धा लावत. मादीची अंडी या छंदात जमेला नव्हतीच. १९१० च्या सुमारास मात्र अंड्यांसाठी पालन सुरू झालं आणि वाढतच गेलं. वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी हवीत, तर खुडूक बसणारी मादी कोण ठेवणार? पिल्लं १७-१८ दिवसांत यंत्रातून निघू लागली. बसणं विसरलं ते असं.

मग दुसरं महायुद्ध. अंड्यांसाठी जोपासलेले बहुतेक वाण त्यात गेले, आणि गाण्याचे तर सगळेच. युद्धानंतर उरल्यासुरल्या पक्ष्यांवरून अंड्यांचा धंदा पुन्हा उभा राहिला. आइची प्रांतातलं तोयोहाशी आज त्यासाठीच ओळखलं जातं. गाण्याचा वाण मात्र पुन्हा उभा राहिला नाही. मला याचंच जास्त वाईट वाटलं, खरं सांगायचं तर.

भारतात हे पक्षी १९७४ साली कॅलिफोर्नियाहून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आले. आमचे त्यांचेच कुणी नातलग असावेत.

आमचा नर पहाटे साडेचारला सुरू होतो. शेजारच्या काकू त्याला गाणं म्हणायला तयार नाहीत. परवा त्यांना बारा अंडी उकडून, सोलून नेऊन दिली.