मुद्दलाचा धूर

मुद्दल मोडू नये, व्याजावर भागवावं, हा उपदेश मी बँकेच्या काउंटरवरून गेली बावीस वर्षं करीत आलो आहे. माझं स्वतःचं पासबुक ज्यांनी पाहिलं आहे ते तो मनावर घेत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण ह्या उपदेशाची खरी गरज कुणाला होती, ते मला परवा कळलं. आइसलंडच्या लोकांना; आणि तीही अकराशे वर्षांपूर्वी.

माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. नाताळात त्याचा फोन आला. ''मामा, इथं सणाला मेंढीचं मांस धुरी देऊन करतात. आणि धूर कशाचा, माहीत आहे? वाळवलेल्या लेंड्यांचा!''

आमच्या हिने हातातला लाडू बशीत ठेवला.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. नाक मुरडण्याआधी जमाखर्च बघावा, म्हणून चार पुस्तकं चाळली.

नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेकडून माणसं ह्या बेटावर आली, तेव्हा डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत झाडी होती, असं आरी नावाच्या त्यांच्या जुन्या इतिहासकाराने बाराव्या शतकात लिहून ठेवलं आहे. आजचे अभ्यासक म्हणतात, निदान चौथा हिस्सा जमीन तरी जंगलाखाली असावी. झाड मुख्यतः एकच, बर्च. धुरीला उत्तम! पण तेच चुलीला, तेच कोळशाला, तेच छपराला. गवत कापायच्या विळ्याला धार काढायची तरी भट्टीला बर्चचाच कोळसा. राहिलेली रोपं मेंढ्यांनी खाल्ली आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने नेली. विसाव्या शतकाच्या मध्याला जंगल उरलं होतं एक टक्का!

मग गंमत बघा. मांस टिकवायला मीठ हवं. चारी बाजूंनी समुद्र, पण ऊन मवाळ. पाणी आटवायचं तर लाकूड पाहिजे. म्हणजे लाकूड नाही म्हणून मीठ नाही. म्हणून काही मांस दुधाच्या आंबट निवळीत बुडवायचं आणि काहीला धुरी द्यायची. आणि धुरीला पुन्हा लाकूड! सैबेरियातल्या नद्यांतून वाहून आलेले ओंडके किनाऱ्याला लागत, पण ते घराच्या तुळयांना. ते चुलीत घालणं म्हणजे लेकीच्या लग्नाच्या ठेवीतून भेळ खाणं.

शेवटी नजर गेली मेंढवाड्याच्या जमिनीकडे. हिवाळाभर मेंढ्यांनी तुडवून लेंड्यांचा घट्ट थर झालेला असे. वसंतात तो फावड्याने कापायचा, त्याच्या लाद्या पाडायच्या, उन्हावाऱ्यात वाळवायच्या. आच मंद, धूर दाट. त्यावर टांगलेलं मांस म्हणजे हांगिक्योत. शब्दाचा अर्थच 'टांगलेलं मांस'.

म्हणजे जंगल खाल्लं मेंढीने, मांस मेंढीचं आणि सरपणही मेंढीचंच. कर्जदार तोच, जामीनही तोच! असं प्रकरण आमच्या साहेबांनी तोंडावर फेकलं असतं. आणि साहेब चुकले नसते. १७८३ साली लाकीचा ज्वालामुखी फुटला, गवत विषारी झालं, तीन चतुर्थांशांहून अधिक मेंढ्या मेल्या. मांस गेलं, लोकर गेली, सरपणही गेलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. हे वाचल्यावर मला विनोद सुचेना.

हिला मी सगळं सांगितलं. म्हटलं, ''तुझ्या माहेरी वऱ्हाडात रोडगे कशावर भाजतात?''

''गोवऱ्यांवर. पण ते गाईचं असतं!''

ह्यावर नवऱ्याजवळ उत्तर नसतं. पण थोड्या वेळाने तीच म्हणाली, ''बिचाऱ्यांनी करायचं तरी काय होतं?'' आणि लाडू उचलला.

१९०७ साली तिथे जंगल राखण्याचा कायदा झाला. तेव्हापासून लोक झाडं लावताहेत. एवढ्या वर्षांनी खात्यावर शिल्लक आहे सुमारे दोन टक्के. जंगलात हरवलात तर नुसते उभे राहा, म्हणजे वाट दिसेल, असा विनोद ते स्वतःच सांगतात. धुरी मात्र पुष्कळ ठिकाणी अजून लेंड्यांचीच. आता गरजेपोटी नव्हे, त्या चवीशिवाय नाताळ नाताळ वाटत नाही म्हणून.

काल एक गृहस्थ ठेव मुदतीआधी मोडायला आले. मी त्यांना आइसलंडची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, ''सही कुठे करू?''