जब्बार पटेलांची खरी ओळख कोणती : ‘सामना’ की ‘सिंहासन’?

१/ पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी यवत ओलांडते आणि खुटबाव येते. पुढे केडगाव, पाटस, दौंड. रुळांच्या दुतर्फा उसाचे फड. याच मार्गावरील दौंड येथे एक बालरोगतज्ज्ञ रुग्ण तपासत असत आणि पुण्यात नाटके बसवीत असत. त्यांचे नाव डॉ. जब्बार पटेल.

२/ १९४२ साली पंढरपूर येथे जन्मलेल्या या दिग्दर्शकाची ओळख नेमकी कोणत्या कलाकृतीने सांगावी, हा मराठी रसिकांमधील जुना वाद आहे. उत्तर देणारा कोणत्या पिढीचा, यावर उत्तर बदलते.

३/ नाट्यरसिक ‘घाशीराम कोतवाल’चे नाव घेतात. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादंग उठले, मूळ संस्थेने प्रयोग थांबवले आणि बाहेर पडलेल्या कलावंतांनी ‘थिएटर अ‍ॅकॅडमी’ उभारली. पुढे हे नाटक युरोपपर्यंत पोहोचले.

४/ इतरांना ‘जैत रे जैत’मधील ठाकरांचे जग किंवा ‘उंबरठा’मधील स्मिता पाटील आठवतात. महाराष्ट्राबाहेर मात्र बहुधा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हाच चित्रपट ठाऊक असतो. त्यातील भूमिकेसाठी मामुट्टी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

५/ तरीही चर्चा अखेर दोन चित्रपटांवर येऊन थांबते. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेला ‘सिंहासन’ १९७९ साली आला. राज्यात सरकार डळमळू लागले की त्याची आठवण निघते. प्रसिद्धीच्या निकषावर त्याचे पारडे निःसंशय जड आहे.

६/ दुसरा ‘सामना’, पटेल यांचा पहिला चित्रपट. १९७५ साली तो बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेत होता. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. त्यानंतरच्या पाव शतकात कारखान्याभोवती ग्रामीण सत्तेचे नवे केंद्र तयार झाले होते. हिंदुराव धोंडे पाटील हे पात्र त्या केंद्रातून आले.

७/ गावात आलेला एक व्यसनी, थकलेला मास्तर नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारत राहतो. एवढ्या एका प्रश्नाने हिंदुरावांचे साम्राज्य हादरू लागते.

८/ येथे एक आक्षेप रास्त ठरतो. ‘घाशीराम’चे लेखन विजय तेंडुलकरांचे, ‘सामना’ आणि ‘सिंहासन’च्या पटकथाही त्यांच्याच. मग यात दिग्दर्शकाचे स्वतःचे काय? उत्तर पात्रयोजनेत सापडते.

९/ ‘सामना’मध्ये निळू फुले हे सत्ताधीश हिंदुराव आहेत आणि डॉ. श्रीराम लागू हे प्रश्न विचारणारे मास्तर. ‘सिंहासन’मध्ये लागू मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवणारे अर्थमंत्री विश्वासराव होतात, तर फुले सारे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस. सत्ता आणि साक्षीदार यांनी जागा बदलल्या आहेत.

१०/ या दोन चित्रपटांच्या दरम्यान जून १९७५ ते मार्च १९७७ हा आणीबाणीचा काळ येतो आणि त्यानंतरचे सत्तांतरही. ‘सामना’तील मास्तरकडे माहिती अपुरी आहे, पण त्याच्या प्रश्नाला धार आहे. ‘सिंहासन’मधील दिगूला जवळजवळ सगळे कळलेले असते आणि त्याचा काहीच उपयोग होत नाही. अखेरीस त्याचे भान सुटते. पाच वर्षांत साक्षीदाराचा धीर कुठे गेला, हे पाहायचे तर दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावे लागतात.

११/ म्हणून एकच नाव सांगायचे झाल्यास ‘सामना’चा हक्क मोठा ठरतो. ‘सिंहासन’ मंत्रालयातील डावपेच दाखवतो. ती सत्ता ज्या मातीत रुजते, ती माती ‘सामना’त आहे. शिवाय ‘सामना’ पाहिल्यावाचून दिगूच्या त्या शेवटच्या हसण्यातील पराभव पुरता उमगत नाही.

१२/ खुटबावच्या परिसरात आजही ऊस उभा आहे आणि गुऱ्हाळेही पेटतात. कारखान्याच्या निवडणुकीत गावोगावी गट पडतात. तेथील तरुण प्रेक्षकाला ‘सामना’तील गाव ओळखण्यासाठी इतिहासाचे पुस्तक उघडावे लागणार नाही. मारुती कांबळेविषयी विचारणारा मास्तर मात्र त्याला आपल्या गावात शोधावा लागेल.