रोजचे दोन तास आणि एमबीएची सीईटी : शेतीकाम सांभाळून तयारी कशी करायची

बेलापूर (ता. श्रीरामपूर) : पदवी झाली, आता पुढे काय, हा प्रश्न सध्या गावोगावच्या घरात आहे. श्रीरामपूर, लोणी, राहुरीच्या कॉलेजांतून बी.कॉम., बी.एस्सी., बी.एस्सी. कृषी होऊन बाहेर पडणारी बरीच पोरं-पोरी एमबीएचा विचार करतात. पण पुण्यात खोली करून क्लास लावणं प्रत्येकाला परवडत नाही. घरी गाई आहेत, उसाला पाणी आहे, काही जण डेअरीवर नाहीतर पतसंस्थेत कामाला आहेत. अभ्यासाला दिवसाकाठी दोन तास मिळाले तरी खूप. एवढ्या वेळात ही परीक्षा जमते का? जमते. पण मग कोणती परीक्षा द्यायची आणि कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा, हे आधी ठरवावं लागतं. त्याचीच ही माहिती.

आधी परीक्षा ठरवा

एमबीएसाठी आपल्याकडे मुख्य दोन परीक्षा आहेत. पहिली कॅट. ती आयआयएम संस्था घेतात, साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. वेळ १२० मिनिटं, तीन विभाग आणि प्रत्येक विभागाला ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण. पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं की १ गुण कापला जातो. प्रश्न कमी पण अवघड असतात.

दुसरी महाराष्ट्राची एमबीए/एमएमएस सीईटी. ती राज्य सीईटी कक्ष घेतो. २०२४ ला ती मार्चमध्ये झाली, २०२५ ला एप्रिलच्या सुरुवातीला. यात २०० प्रश्न, १५० मिनिटं, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मुंबईची जमनालाल बजाज संस्था, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग (पुम्बा) आणि राज्यातली शेकडो एमबीए कॉलेजं यांचे प्रवेश या गुणांवर होतात.

रोज दोनच तास हातात असतील आणि चार-पाच महिनेच उरले असतील, तर सीईटी हा मुख्य रस्ता धरावा. कृषी पदवीवाल्यांनी मात्र कॅटही डोळ्यासमोर ठेवावी. अहमदाबादच्या आयआयएमचा अन्न व कृषी व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कॅटवरून मिळतो. सहकार आणि कृषी व्यवसाय शिकवणारी पुण्यातली वैकुंठ मेहता संस्थाही अशा मुलांसाठी बघण्यासारखी आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था एवढ्या आहेत की हे शिक्षण घेऊन गावाकडे परत येणाऱ्यालाही काम आहे.

पात्रता सोपी आहे. कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी ५० टक्क्यांनी. महाराष्ट्रातील मागास प्रवर्ग, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५ टक्के. शेवटच्या वर्षाला असलेलेही परीक्षा देऊ शकतात.

अर्धा पेपर तर्काचा आहे

सीईटीचा पेपर असा विभागलेला असतो :

– तार्किक क्षमता (लॉजिकल रीझनिंग) : ७५ प्रश्न
– आकृत्यांची तर्कक्षमता (ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग) : २५ प्रश्न
– गणित (क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड) : ५० प्रश्न
– इंग्रजी आणि उताऱ्यांचं आकलन : ५० प्रश्न

म्हणजे २०० पैकी १०० प्रश्न तर्काचे. बैठक व्यवस्था, नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, विधान आणि निष्कर्ष, आकृत्यांची मालिका असे हे प्रश्न. यांना ना पाठांतर लागतं ना मोठी सूत्रं. सरावाने हे सुधारतं, आणि मराठी माध्यमाच्या मुलालाही यात शहरातल्या मुलाच्या बरोबरीने उभं राहता येतं. आपली पोरं मात्र उलटं करतात. इंग्रजीची भीती वाटते म्हणून चार महिने शब्द पाठ करतात आणि तर्काला शेवटचे पंधरा दिवस देतात. वेळ कमी असेल तर पहिला वाटा तर्काचा.

एक अडचण मात्र आहे. पेपर इंग्रजीत असतो, तर्काचासुद्धा. बऱ्याच वेळा कोडं कळतं, पण त्यातला एक शब्द अडवतो. 'इमिजिएट लेफ्ट' म्हणजे अगदी लागून डावीकडे, 'सेकंड टू द लेफ्ट' म्हणजे डावीकडे दुसरा, 'फेसिंग द सेंटर' म्हणजे मध्याकडे तोंड करून. 'नायदर-नॉर' म्हणजे दोन्ही नाही, 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त एवढं, 'ओन्ली इफ' म्हणजे तसं असेल तरच. असे शे-सव्वाशे शब्द फिरून फिरून येतात. पहिल्या पंधरा दिवसांत ते एका वहीत मराठी अर्थासह लिहून काढा. एवढं केलं तरी निम्मी भीती जाते.

आठवड्याचे बारा तास कसे वाटायचे

सोळा आठवडे हातात आहेत असं धरू. सोमवार ते शनिवार रोज दोन तास, म्हणजे आठवड्याला १२ तास. त्याची वाटणी अशी :

– तर्क : ५ तास
– गणित : ४ तास
– इंग्रजी : ३ तास

पहिल्या आठ आठवड्यांत रविवारी फक्त त्या आठवड्यात चुकलेले प्रश्न परत सोडवा. पुढच्या आठ रविवारी एकेक पूर्ण सराव परीक्षा द्या. अडीच तास पेपर आणि त्यानंतर दोन तास तपासणी. तपासणी सोडली तर सराव परीक्षेचा उपयोग निम्माच. कोणता प्रश्न येत नव्हता, कोणता येत होता पण घाईत चुकला आणि कोणत्या प्रश्नाने फुकट वेळ खाल्ला, असे तीन रकाने करा. पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्यावरून ठरतो.

आता शेतीचं. पंपाची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. म्हणून एकच वेळापत्रक करून चालत नाही. दोन करा. दिवसा लाइट असलेल्या आठवड्यात पहाटे धार काढण्याआधी एक तास आणि रात्री जेवणानंतर एक तास. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळची झोप झाल्यावर दुपारी दोन तास सलग. रात्री जागून आल्यावर पहाटे कोडी सोडवायला बसलं की डोकं चालत नाही आणि आपल्याला जमतच नाही असं उगाच वाटायला लागतं.

सरी भरेपर्यंत बांधावर बसून शब्दांची वही, ३० पर्यंतचे पाढे, वर्ग, घन एवढं होऊ शकतं. पण ते दिवसा. रात्री उसाच्या कडेला मोबाईलमध्ये डोकं घालून बसू नका. आपला भाग बिबट्याचा आहे.

अजून एक. परीक्षेचे दिवस म्हणजे नेमका गहू काढणीचा आणि उन्हाळी कांद्याचा हंगाम. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की परीक्षेआधीचे पंधरा दिवस पोराला किंवा पोरीला कामातून मोकळं ठेवायचं. मजुरांची बोलणी त्या हिशेबाने आधी करून ठेवली तर ऐनवेळी घरात वाद होत नाहीत. पोरीच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. शेतातलं काम सुटलं तरी स्वयंपाकघरातलं सुटत नाही. तिचे दोन तास कोणते, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून द्यावं.

गणित घरातलंच आहे

गणिताचा पाया दहावीपर्यंतचाच असतो. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, व्याज, काळ-काम-वेग आणि तक्ते-आलेख एवढं आधी पक्कं करा. बाकीचं वेळ उरला तर.

हे हिशेब आपण रोज करतोच. ६० लिटर दूध ४ फॅटचं आणि ४० लिटर ३.५ फॅटचं एकत्र केलं तर फॅट किती? ६० गुणिले ४ म्हणजे २४०, ४० गुणिले ३.५ म्हणजे १४०. बेरीज ३८०, भागिले १०० लिटर, म्हणजे ३.८. पेपरात हेच मिश्रणाचं गणित म्हणून येतं.

६ मजूर ५ दिवसांत कांदा काढतात, तर १० मजुरांना किती दिवस? काम ३० मजूर-दिवसांचं, म्हणून ३ दिवस.

कांद्याचा भाव १००० रुपयांवरून २५ टक्के वाढला आणि परत २५ टक्के पडला, तर भाव तोच राहतो का? नाही. १२५० होतो आणि मग ९३७ रुपये ५० पैसे. म्हणजे सव्वासहा टक्के तोटा. हे एकदा आपल्या व्यवहारातून समजलं की इंग्रजीतलं उदाहरणही सुटतं. गणकयंत्र परीक्षेत नेता येत नाही, त्यामुळे तोंडी हिशेबाची सवय हवी.

इंग्रजीसाठी सोपी युक्ती म्हणजे एकच बातमी आधी मराठीत वाचायची, मग तीच इंग्रजी वर्तमानपत्रात वाचायची. विषय माहीत असल्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ अंदाजाने लागतो. रोज एक बातमी, चार महिन्यांत शंभरावर उतारे होतात.

एकही प्रश्न कोरा सोडू नका

१५० मिनिटं म्हणजे ९००० सेकंद. २०० प्रश्नांना भागलं तर एका प्रश्नाला ४५ सेकंद. म्हणून अवघड प्रश्नाशी झुंजत बसणं ही या पेपरातली सगळ्यात महाग गोष्ट. एक मिनिटात वाट दिसली नाही तर पुढे जा. पहिल्या फेरीत सोपे सगळे, दुसऱ्या फेरीत मधले.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर नोंदवा. गुण कापत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात, म्हणून ४० प्रश्न अंदाजाने नोंदवले तर सरासरीने ८ बरोबर येतात. ते कोरे सोडले तर शून्य. हा नियम सीईटीचा आहे. कॅटमध्ये असं केलं तर अंगाशी येईल.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, तो टक्का नव्हे. ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९० जण तुमच्या मागे किंवा बरोबरीला. परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून गुण समान पातळीवर आणले जातात. मित्राच्या सत्राशी आपल्या गुणांची तुलना करून घाबरू नका. बजाजसारख्या संस्थेला ९९ च्याही पुढे लागतं, पण चांगली कॉलेजं त्याखालीही आहेत.

पेपर संगणकावर असतो. मोबाईलवर कितीही सराव केला तरी माऊस हातात घेतल्यावर वेग कमी होतो. निदान शेवटच्या चार सराव परीक्षा कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा गावातल्या संगणक केंद्रावर द्या.

कागदपत्रं आजच काढायला टाका

अभ्यास करून चांगले गुण मिळाले आणि दाखल्यावाचून प्रवेश हुकला, असं होऊ देऊ नका. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस, रहिवास, उत्पन्न, यातलं तुम्हाला जे लागू असेल त्याचे अर्ज परीक्षेच्या अर्जाबरोबरच टाका. वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो. दाखल्यावरचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, हेही आत्ताच बघा.

फीबद्दल पालकांनी हे लक्षात ठेवावं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, आणि वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे.

पण शुल्कमाफीसाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. 'परीक्षेची कटकट कशाला, डायरेक्ट सीट करून देतो' असं सांगत कोणी दारात आला, तर ऊस बिलाचे पैसे हातात देण्याआधी हे आठवा. कॉलेजची मंजूर फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय बघता येतं.

परीक्षेची तारीख, अर्जाची मुदत आणि केंद्र यांसाठी फक्त सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची सूचना खरी धरा, व्हॉट्सॲपवर फिरणारी नको. केंद्र अहिल्यानगरला आलं तर बेलापूरहून सकाळच्या सत्राला वेळेत पोहोचायचं म्हणजे पहाटेच निघावं लागेल. शक्य असेल तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम करा. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र रात्रीच पिशवीत ठेवा.

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवा.