केरीसाहेबांचा पंडित

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा इतिहास सांगताना आपण १९५५ चा भारत-सोव्हिएत करार सांगतो, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली हेही सांगतो. परंतु रशियन तज्ज्ञ आणि येथील माणसे यांच्यामध्ये उभे राहून एकाचे बोलणे दुसऱ्यास समजावून देणाऱ्या दुभाष्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. परभाषा शिकणाऱ्यांच्या इतिहासात हे पूर्वापार घडत आले आहे. शिकणाऱ्याचे नाव ग्रंथावर येते. शिकविणारा प्रस्तावनेत राहतो, आणि तेही शिष्य कृतज्ञ असेल तर.

युरोपात अरबीच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत एर्पेनिअस याचे नाव अग्रभागी आहे. १६१३ मध्ये तो हॉलंडमधील लायडन विद्यापीठात अरबीचा प्राध्यापक झाला, आणि त्याच वर्षी छापलेले त्याचे व्याकरण पुढे सुमारे दोन शतके प्रमाण मानले गेले. परंतु पॅरिसमध्ये एका इजिप्शियन ख्रिश्चनाने त्याला जी अरबी शिकविली, ती बोलीची होती. ग्रंथांतील भाषेशी ती जुळेना. पुढे १६११ मध्ये स्पेनमधून परागंदा होऊन मोरोक्कोच्या सुलतानाच्या चाकरीस राहिलेला अहमद अल-हजरी त्याला फ्रान्समध्ये भेटला, आणि व्याकरणातील अनेक शंका या गृहस्थापाशी फिटल्या. एर्पेनिअसचे नाव आजही घेतले जाते. अल-हजरी मात्र तज्ज्ञांपुरताच उरला आहे.

आपल्याकडचा एर्पेनिअस म्हणजे विल्यम केरी. हा तरुणपणी इंग्लंडात जोडे शिवीत असे. १७९३ मध्ये तो बंगालात आला, १८०० पासून डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरास राहिला, आणि १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृत शिकवू लागला. पगार प्रारंभी दरमहा ५०० रुपये. त्याच्या हाताखालील बंगालीचे मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांस २०० आणि रामराम बसूंस ४० रुपये मिळत. विद्या कोणाकडून कोणाकडे जात होती हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांवर निराळे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

१८०३ मध्ये असई आणि अडगावच्या लढाया झाल्या, डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला, आणि मराठी जाणणाऱ्या अंमलदारांची निकड कंपनी सरकारला भासू लागली. त्याच सुमारास मराठीचे अध्यापनही केरीकडे आले. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण देवनागरी टायपांत निघाले आणि १८१० मध्ये कोश मोडी टायपांत. मराठीचे व्याकरण त्यापूर्वी १७७८ मध्ये रोम येथे पोर्तुगीज भाषेत छापले गेले होते. तरी हिंदुस्थानात मराठी मुद्रणाला खरी चालना मिळाली ती महाराष्ट्रात नव्हे, हुगळीच्या तीरावर. या कामात केरीचा आधार होते कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ. केरीने त्यांचे ऋण छापून मान्य केले, हा त्याचा मोठेपणा निःसंशय आहे.

पण या मराठीची पुढे उपेक्षाच झाली. श्रीरामपुरी बायबलाची भाषा मुंबईकडे चालेना, म्हणून १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपले भाषांतर नव्याने केले. त्या मराठीस कृत्रिम म्हणण्याची रीत तेव्हापासून पडली. मला हा निवाडा अर्धाच न्याय्य वाटतो. मायभूमीपासून शेकडो कोस दूर, जेथे बाजारात आणि घाटावर कानी मराठी पडत नाही अशा नगरात बसून वैजनाथ शब्द सांगत होते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात बंगाली आधीच भरून राहिली होती. आपल्या मराठीवर हिंदीची छाया पडते असे नागपूर-पुण्याचे आप्त सांगतात, तेव्हा छत्तीसगढात वाढलेल्या आपणांस वैजनाथपंडितांची अडचण इतरांहून लवकर उमगावी.

पश्चिमेकडे चित्र थोडे पालटले. मोल्सवर्थच्या कोशासाठी शब्द जमविणाऱ्या शास्त्र्यांचा स्वतःचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये छापून निघाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत हे त्यांतील एक. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला. शास्त्र्यांचे श्रम त्यांच्याच ग्रंथात उभे राहिले, एवढे भाग्य श्रीरामपुरास लाभले नव्हते.

अगदीच नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. १८१४ मध्ये ‘सिंहासन बत्तिशी’, पाठोपाठ ‘हितोपदेश’ आणि रघुजी भोसल्यांची वंशावळी अशी गद्य पुस्तके श्रीरामपुरास छापली गेली. त्यांच्याशी वैजनाथांचे नाव जोडलेले आहे. यांतील शेवटच्या पुस्तकावर आपला थोडा अधिकार पोचतो. ज्या रघुजींचे कुळ त्यात वर्णिले आहे, त्यांचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून हा छत्तीसगढ सांभाळीत होते. नागपूरकरांची ही हकीगत कंपनीच्या तरुण अंमलदारांना मराठी शिकविण्यासाठी छापली गेली. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य कंपनीने खालसा केले, त्यात आपला हा मुलूखही गेला.